टाच धर, पोटरी धर

आमच्या घरात पत्रकाला दोन घड्या पडायच्या. पहिली कुणीही घालायचं. दुसरी फक्त आई. ती जमिनीवर बसायची, डावा पाय मुडपून, उजवा गुडघा उभा करून. अर्धं दुमडलेलं पत्रक त्या गुडघ्याच्या वाटीवर ठेवायची, कडा जुळवायची आणि चमच्याच्या पाठीने एकदाच दाबून ओढायची. पप्पांनी मरोळच्या छापखान्यातून तिच्यासाठी एक गुळगुळीत फळी आणून दिली होती. ती फळी तिने हलणाऱ्या फ्रीजखाली घातली. म्हणाली, "माझा गुडघा बरा. तो शोधावा लागत नाही."

पप्पा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत छपाईच्या मशीनवर होते, अजून आहेत. दिवसभर औषधांची खोकी आणि लग्नपत्रिका छापायच्या, आणि पाळी संपल्यावर मालकाच्या परवानगीने पत्रकं. वस्तीतल्या पाण्याचं पत्रक, कंत्राटी कामगारांचं पत्रक, शिष्यवृत्ती अडकली त्याचं पत्रक. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. उद्गारचिन्ह मला पहिलीच्याही आधी कळत होतं. स्वल्पविराम बऱ्याच उशिरा कळला. प्रत्येक पत्रक एका प्रश्नाने सुरू व्हायचं, 'जबाबदार कोण?', आणि 'आमच्या मागण्या' या मथळ्याखाली संपायचं. जगात जे काही वाईट होतं त्याला कुणीतरी जबाबदार असतं आणि त्याच्याकडे मागणी करता येते, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्यापलीकडे काही असेल असं मला कधी वाटलंच नाही.

आई महापालिकेच्या रुग्णालयात आया होती. तिथे आयेला सगळे मावशी म्हणतात, डॉक्टरसुद्धा. बरीच वर्षं ती हाडांच्या वॉर्डात होती. लोकांचे प्लास्टरमधले पाय उचलायचे, खाली चादर सरकवायची, भांडं द्यायचं, भांडं काढायचं, उकिडवं बसून फरशी पुसायची. निवृत्त झाली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे संपले होते, उजवा जास्त. तो तिच्याच रुग्णालयात बदलून घेतला. ऑपरेशन उत्तम झालं. तीन महिन्यांत ती काठी सोडून चालायला लागली, आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या विहारात जाऊन बायकांमध्ये खुर्चीवर बसून ग्रंथवाचन करायला लागली. 'सगळ्या खाली आणि मी वर', हे तिला आवडायचं नाही. पण जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वतः वॉर्डात हेच हजार जणांना सांगितलेली बाई, म्हणून ऐकायची.

"आता लोखंड बसवलंय," ती शेजारणींना सांगायची. "पत्रकाला घडी कशी कडक बसेल बघा."

पण घड्या घालायचं तिने सोडलं होतं. जमिनीवर बसायचं नाही, म्हणजे घड्याही नाहीत. तिच्या लेखी ते एकच काम होतं.

गेल्या वर्षी आम्ही चार मैत्रिणींनी अंधेरीतल्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी पत्रक काढलं. हातमोजे आणि बूट, एवढीच मागणी होती. मजकूर मी लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. पप्पांनी छापून दिलं आणि म्हणाले, "घडीच्या मशीनवर घालून देतो. मालक नाही म्हणणार नाही. दहा मिनिटांचं काम."

"नको," मी म्हणाले. "हाताने घडी घातलेलं पत्रक हातात पडलं की माणसाला कळतं, कुणीतरी आपल्यासाठी बसलं होतं."

हे वाक्य माझं नव्हतं. पप्पांचंच होतं, त्यांच्या तरुणपणातलं. ते माझ्याकडे बघून हसले आणि गठ्ठे घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघी मैत्रिणी घरी येणार होत्या. मी सकाळीच ओटा आणि पलंग यांच्यामधल्या जागेत चादर अंथरली, गठ्ठे सोडले, शेजारी दोन चमचे ठेवले. घरात टेबल होतं. टेबलावर ठेवता आले असते. पण पत्रकं त्या जागेवरच असतात, त्या चादरीवर. माझ्या हातांनी विचार न करता तसं केलं. आईला म्हणाले, "तू हात लावायचा नाहीस हं. आम्ही चौघी करू."

"मी कशाला लावतेय," ती म्हणाली.

मग मैत्रिणींचा फोन आला, की आधी अंधेरीला कामगारांची बैठक आहे, तिथेच ये, मग एकत्र घरी जाऊ. बैठक लांबली. बैठका लांबतातच. चार वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला, "तुझी आई खाली बसलीय, उठत नाहीये."

ती पडली नव्हती. खाली बसली होती, तशीच होती. समोर घडी घातलेल्या पत्रकांचे व्यवस्थित गठ्ठे होते, पन्नास-पन्नासचे, एक आडवा एक उभा. दोन वाजेपर्यंत कुणी आलं नाही आणि चादर अंथरलेली होती. आमच्या घरात चादर अंथरली म्हणजे ते कामाचं बोलावणं, आणि ते तीसेक वर्षं तिने कधी टाळलेलं नव्हतं. पलंगाला धरून ती खाली बसली, डाव्या गुडघ्यावर घड्या घातल्या, आणि उठताना उजवा गुडघा टेकवून त्यावर भार दिला.

"टक्कन वाजलं," ती म्हणाली. "ओट्यावर कपबशी आपटली ना, तसं. मला वाटलं वरच्या मजल्यावर वाजलं."

पाय वाकत नव्हता म्हणून ती रिक्षात आडवी बसली, पाठ एका बाजूला टेकवून, उजवा पाय दुसऱ्या बाजूने बाहेर. मी खाली पायाशी बसून तिची टाच धरली होती. रिक्षावाला दर खड्ड्याला "सॉरी मावशी, सॉरी मावशी" म्हणत होता. सिग्नलला एक स्कूटरवाला अगदी पायाला घासून गेला तेव्हा ती म्हणाली, "लाल फडकं बांध गं. सळया नेताना बांधतात तसं."

मी तिची टाच दोन्ही हातांनी धरली.

तिच्याच रुग्णालयाच्या अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्याने गुडघा पाहिला, सूज दाबली आणि म्हणाला, "मावशी, पाय सरळ ठेवून वर उचला."

हे वाक्य आईने त्याच इमारतीत किती वेळा ऐकलं असेल. वॉर्डात राउंड सुरू झाला की प्रत्येक खाटेपाशी तेच. तिने डोळे मिटले. तिची मांडी आवळली गेली, मला दिसली. टाच चादरीवरून जराही सुटली नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा फक्त मांडी.

"गेलं," ती छताकडे बघून म्हणाली.

"काय गेलं?" मी विचारलं.

"दोरी."

डॉक्टरने मग मला समजावलं. मांडीचा मोठा स्नायू पाय सरळ करतो, पण तो नडगीपर्यंत थेट जात नाही. मध्ये वाटी असते, दोरीच्या मध्यात बांधलेल्या गाठीसारखी. वाटी आडवी मोडली आणि तुकडे लांब गेले की वरून कितीही ओढा, खाली काही पोचत नाही. नुसता तडा गेला असता आणि पाय उचलता आला असता, तर पट्टा बांधून घरी पाठवलं असतं. "उचलता येतो की नाही," तो म्हणाला, "सगळं यावर आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा प्रश्नच उरला नाही. आईला तिचा पाय स्वतःचा स्वतः उचलता येईल का. चालणं, जिना, संडास, विहाराच्या तीन पायऱ्या, सगळं त्याच्या मागून.

संध्याकाळी पप्पा आले. त्यांनी पहिलं विचारलं, "चादर कुणी अंथरली?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच. मला सुचलं काहीतरी." आणि माझ्याकडे न बघता पाणी मागितलं.

मी पाणी आणून दिलं.

मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. गुडघा त्यांनीच बदलला होता. मी रात्रीत एक कागद तयार करून ठेवला होता, पाच प्रश्न, क्रमांक घालून. सांधा सदोष होता का? वाटी तासताना ती जास्त पातळ केली गेली का? ऑपरेशननंतरच्या तपासण्यांत हे आधी दिसायला हवं होतं का? असे. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"हे पत्रक आहे का?"

तेव्हा मला दिसलं की वर मी मथळा दिला होता, 'आमचे प्रश्न', आणि खाली तारीख घालून 'आपले' लिहून सही केली होती. सवयीने.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. भिंतीला टेकून त्यांनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. सांधा जागच्या जागी घट्ट आहे, एक्स-रेचा फोटो बघा. वाटीच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची गोल चकती बसवायची तर हाड थोडं तासावंच लागतं. किती तासलं ते नोंदीत आहे, वाचून दाखवतो. मागच्या तपासणीत वाटी चांगली होती, हा त्या दिवसाचा फोटो. पण सांधा बदलताना वाटीचा रक्तपुरवठा थोडा कमी होतोच, आणि हाड म्हातारं. "असं होतं. फार जणांचं होत नाही, पण होतं."

"मग जबाबदार कोण?" मी विचारलं. अगदी हेच शब्द.

"तुम्हाला कुणीतरी हवं आहे," ते म्हणाले, "ते मला कळतंय."

एक सहावा प्रश्न होता. तो मी लिहिला नव्हता. ते वळले तेव्हा मी मागून विचारला. ती जमिनीवर बसली नसती, गुडघा टेकवला नसता, तर?

"तर कदाचित मोडली नसती," ते म्हणाले. "कदाचित पुढच्या महिन्यात खुर्चीतून उठताना मोडली असती. सपाट फरशीवर चालताना मोडलेल्याही मी पाहिल्यात. खात्रीने सांगता येत नाही."

हेही मिळालं नाही. दोष माझा आहे, हे कुणीतरी ठामपणे सांगितलं असतं तर मी तो धरून उभी राहिले असते. दोषाचं काय करायचं ते मला शिकवलेलं आहे. 'खात्रीने सांगता येत नाही' याचं काय करतात ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. साधी मोडलेली वाटी तारेने बांधणं सोपं असतं. बदललेल्या गुडघ्यातली बांधणं तसं नाही. मागे चकती, पुढे पातळ हाड. तारेला धरायला जागाच थोडी. बऱ्याच जणांची पुन्हा सुटते. काहींना जंतुसंसर्ग होतो आणि मग सगळा सांधाच काढायची वेळ येते. न करावं तर पाय कधीच उचलला जाणार नाही.

"म्हणजे करायचं," पप्पा म्हणाले.

"म्हणजे करून बघायचं," डॉक्टर म्हणाले.

आई म्हणाली, "डॉक्टर, मला वॉर्डात खिडकीजवळची खाट द्या. सात नंबर. तिथला पंखा चालतो."

ऑपरेशन झालं. फोटोत वाटीचे दोन तुकडे जवळ आणलेले दिसत होते, दोन बारीक सळया आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तार. मी तो फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला आणि दिवसातून किती वेळा मोठा करून बघितला, सांगत नाही. फोटो बघून मी काय करणार होते? तार घट्ट धरून ठेवणार होते?

मग सहा आठवडे. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टा, पाय काठीसारखा सरळ. पाय मी उचलायचा. पहिल्या दिवशी मी तिच्या गुडघ्याखाली हात घालून उचलायला गेले आणि ती ओरडली, वेदनेने नव्हे, वॉर्डातल्या आवाजात.

"गुडघ्याखाली नाही! कुणी शिकवलं तुला? टाच धर, पोटरी धर. दोन्ही हात एकदम. आणि मला आधी सांगायचं, उचलते म्हणून. न सांगता कुणाचा पाय उचलायचा नाही."

"उचलते."

"हां. आता सावकाश. पाय आहे तो, पत्रकाचा गठ्ठा नाही."

नवीन आयांना ती असंच शिकवायची म्हणे. मला दोन आठवडे लागले. माझ्या हातात जोर नव्हता असं नाही. मला घाई होती. उचलला, ठेवला, झालं. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "एवढी कुठे चाललीस?" मी कुठेच चालले नव्हते. बैठकांना जाणं मी बंद केलं होतं. हातमोजे-बुटांचं पत्रक मैत्रिणींनी वाटलं. आईने घातलेल्या घड्यांचे गठ्ठे आधी संपले, उरलेली त्यांनी घाईत कशीबशी दुमडली. ठेकेदाराने बूट दिले नाहीत. हातमोजे दिले, सगळे एकाच मापाचे. त्यावर मी दुसरं पत्रक लिहायला बसले आणि पहिल्या प्रश्नाच्या पुढे जाता येईना.

त्या सहा आठवड्यांत आईने वॉर्डातल्या गोष्टी सांगून मला हसवलं. एक गोष्ट तिची फार आवडती. एक आजोबा होते, त्यांचीही वाटीच मोडलेली. नातीच्या लग्नाला जायचं होतं आणि पाय उचलल्याशिवाय डॉक्टर सोडेनात. एक दिवस राउंडला त्यांनी झकास पाय उचलला. डॉक्टर खूश. आईला शंका आली. तिने चादर वर केली, तर आजोबांनी धडधाकट पायाची बोटं आजारी पायाच्या टाचेखाली अडकवून दोन्ही पाय एकदम उचलले होते.

"मी म्हटलं, आजोबा, यातला नवरदेव कोणता नि करवला कोणता?"

"मग?"

"मग काय. डॉक्टरांना सांगितलं. सांगावंच लागतं. घरी जाऊन पडले असते ना." ती हसली. "पण काय तोंड झालं गं त्यांचं."

सहा आठवडे संपले. तपासणीच्या सकाळी तिने केस विंचरले, नवी साडी नेसायला मागितली. पप्पांची पाळी होती म्हणून आम्ही दोघीच गेलो. आधी फोटो काढला, तो यायला वेळ होता. डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवलं, पट्टा सोडला. साडीत पाय कसा तपासणार म्हणून तिने स्वतःच चादर मागून घेतली, कमरेपासून खाली पांघरली.

"हं मावशी. पाय सरळ, वर."

चादर वर उचलली गेली. वीतभर. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी सुटताना पाहिलं. "छान," ते म्हणाले. "अरे वा, छान."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. आणि तिने बघितलं नाही म्हणून मी चादरीकडे बघितलं. उंचवटा एका पायाचा नव्हता. डावीकडून काहीतरी त्याखाली गेलेलं होतं.

मला किती वेळ मिळाला असेल? श्वासभर. त्या श्वासात मी काय विचार केला ते आठवत नाही, आणि आठवतं असं सांगितलं तर ते मागाहून रचलेलं असेल. माझ्या तोंडून आलं ते एवढंच.

"डॉक्टर, चादर काढा."

आईने डोळे मिटले.

त्यांनी चादर बाजूला केली. डाव्या पायाची बोटं उजव्या टाचेखाली होती. ती तिने लगेच काढलीसुद्धा नाहीत. डॉक्टर हळूच म्हणाले, "मावशी. तुम्ही पण?" आणि डावा पाय स्वतः उचलून बाजूला ठेवला. "आता करा."

मांडी आवळली. गुडघा वर आला, मांडीबरोबर वर आला, पण टाच गादीवरच राहिली. पाय सरळ होईना. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

फोटो आला. तार एका बाजूला तुटली होती आणि दोन तुकड्यांमध्ये पुन्हा फट दिसत होती. पहिल्याइतकी नाही. आई कुठे पडली नव्हती, पट्टा तिने एकदाही काढला नव्हता, मी साक्षीदार आहे. तरी.

"पुन्हा उघडायचं का?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं की उघडता येईल. आता नुसती तार पुरणार नाही, वरून जाळी शिवून दोरी नव्याने करावी लागेल. पुन्हा तोच गुडघा, पुन्हा तीच कातडी. जंतूची भीती पहिल्यापेक्षा जास्त. आणि केलं तरी पाय उचलला जाईल याची खात्री नाही. नाही केलं तर पट्टा बांधून सपाटीवर चालता येईल, वॉकर घेऊन. दुखणं फार राहणार नाही.

"तुम्ही काय सांगता?"

"मी करा असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "कधीच करू नका असंही छातीठोक सांगत नाही. तुम्ही ठरवा."

मला भांडायचं होतं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं होतं, कुणाच्या तरी केबिनबाहेर बसून राहायचं होतं. पण इथे दार कुणी बंद केलेलंच नव्हतं. दारं सगळी उघडी होती आणि एकाही दाराच्या पलीकडे काही नव्हतं.

आई म्हणाली, "नको. बांधा पट्टा."

येताना टॅक्सी केली, मागची सीट तिला आडवी बसायला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. मग मागून तिचा आवाज आला.

"छाप आता. 'जबाबदार कोण? आई.' मोठ्या टाइपात."

"आई, घरी जाऊन तू पडली असतीस. तूच त्या आजोबांना..."

"मला माहितीये मी काय केलं आजोबांना." ती थांबली. "खरं बोललीस. बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही सांगितलं असतं. पण तो छान म्हणाला होता गं. एक दिवस राहू द्यायचं होतंस. उद्या सांगितलं असतंस. फोन करून."

ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे बघितलं. मी बाहेर बघत राहिले. मला आठवत होतं ते तिचं 'मीच. मला सुचलं काहीतरी.' तिने माझी चादर स्वतःवर घेतली होती आणि मी तिच्यावरची काढायला लावली. हे मी पप्पांना अजून सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, ते वाचतील.

आता तिला घरातल्या घरात वॉकरने चालता येतं. विहारातल्या बायका आठवड्यातून एकदा वर आमच्याकडे येतात, तिच्या पलंगासमोर दाटीवाटीने बसतात आणि ती वाचते. बसताना, झोपताना, पलंगावरून खाली उतरताना पाय दुसऱ्याने उचलावा लागतो. घरात कुणी नसलं तर ती पावलाखालून जुन्या ओढणीचा फास घालून हाताने ओढते, विहिरीतून बादली ओढावी तशी. मी असले तर मला हाक मारते. हाक मारायला तिला आवडत नाही. आधी दोनदा खोकते.

पप्पांनी यंदा पत्रकं न विचारता मशीनवर घडी घालून आणली. मी गठ्ठे टेबलावर ठेवले. मुलुंडच्या एका कारखान्यातल्या बायकांसाठी होती, संडासाच्या मागणीची. आई खुर्चीत होती, पाय समोर स्टुलावर. तिने गठ्ठ्यातलं एक उचललं, उजेडात धरलं.

"कडा जुळलेली नाही."

"मशीनची आहे आई. चालतं."

"चालतं काय. बघ इथे, केसभर बाहेर आलीय." तिने घडी उलगडली, तळहाताने कागद सपाट केला. मग इकडेतिकडे बघितलं. डावा गुडघा खुर्चीत वाकलेला होता, पण खाली होता, कागद ठेवायला उभा नव्हता. "ये इकडे. खाली बस. तुझा गुडघा दे."

मी तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले, उजवा गुडघा उभा केला. तिने वाकून त्यावर कागद ठेवला.

"हलू नकोस."

"नाही हलत."

"चमचा?"

मी ओट्यावरून चमचा काढून दिला, परत बसले. तिने कडा जुळवली, चमच्याची पाठ टेकवली आणि एकदाच दाबून ओढली. वाटीवरून चमचा जाताना दुखतं, मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ती कधी म्हणाली नव्हती.

घडी घातलेलं पत्रक तिने गठ्ठ्यावर ठेवलं. दुसरं घेतलं नाही. बाकीची तशीच जाणार होती, तिलाही माहीत होतं. जरा वेळाने दोनदा खोकली.

"काय झालं?"

"पाय खाली घे. मुंग्या आल्यात."

"उचलते," मी म्हणाले, आणि टाच धरली, पोटरी धरली.